प्रवासाची आखणी : एक दुर्लक्षित वाङ्मयप्रकार

१

मराठीत प्रवासवर्णनांची वाण नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली आपला इंग्लंडचा प्रवास लिहिला. पुढे गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ ही पुस्तके एका वर्षाच्या अंतराने, १९५९ आणि १९६० साली आली आणि युरोपकडे पाहण्याची मराठी दृष्टी त्यांनी घडवली. अलीकडच्या काळात मीना प्रभू यांनी ‘रोमराज्य’मधून इटलीची ओळख मराठी घराघरांत पोहोचवली. या साऱ्या लेखनाची समीक्षाही यथास्थित झाली आहे. लेखकाची शैली, त्याची विनोदबुद्धी आणि परक्या समाजाविषयीची त्याची सहानुभूती यांविषयी आमच्या समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे.

परंतु प्रवासाच्या आधी जे लिहिले जाते त्याकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. कोणत्या तारखेला कोठे उतरायचे, किती रात्री राहायचे, तेथून पुढे आगगाडीने जायचे की विमानाने, कोणते शहर घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हे ज्या कागदावर उतरते तो कागद म्हणजे प्रवासाची आखणी. त्याला कर्ता असतो. त्यात निवड असते, क्रम असतो, गती असते, विराम असतो. नाटककार अंक पाडतो तसे आखणी करणारा दिवस पाडतो. मग त्याच्या गुणदोषांची चर्चा का होऊ नये?

ही चर्चा निव्वळ हौसेची आहे असे कोणी समजू नये. आपल्या धर्मग्रामांतून गेल्या काही वर्षांत युरोपला जाणाऱ्या कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. कोणी निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून रोम आणि लूर्दची यात्रा करतो, कोणी तेथे नोकरीस असलेल्या मुलाकडे जाऊन चार देश पाहू इच्छितो. तिकीट काढण्यापूर्वी हातातले माहितीपत्रक आमच्यापुढे ठेवून “फादर, हे कसे वाटते?” असे विचारणारेही भेटतात. तीस-पस्तीस वर्षांच्या काटकसरीचे फळ पंधरा दिवसांत खर्च व्हायचे असते. ते कशासाठी खर्च झाले, याचा निवाडा विमानात बसल्यावर होत नाही. तो बराचसा त्या कागदावर आधीच झालेला असतो. म्हणून त्या कागदाचे परीक्षण आम्हांस अगत्याचे वाटते.

२

युरोपात या वाङ्मयप्रकाराची परंपरा जुनी आहे. आधुनिक मार्गदर्शिकेचा पाया लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने १८३६ साली घातला. हॉलंड, बेल्जियम आणि ऱ्हाईन नदीचा प्रदेश यांविषयीची त्याची पुस्तिका त्या वर्षी निघाली. त्याच सुमारास जर्मनीत कोब्लेंझ येथे कार्ल बेडेकर याने ऱ्हाईनच्या प्रवासाचे एक जुने पुस्तक हाती घेऊन ते नव्याने सिद्ध केले आणि पुढे त्याच्या लाल बांधणीच्या मार्गदर्शिका साऱ्या युरोपभर गेल्या. बेडेकरची विशेष देणगी म्हणजे तारका. अवश्य पाहावे अशा स्थळापुढे तो एक तारका छापू लागला आणि परमोत्कृष्ट असेल तेथे दोन. पाहावे काय, हा प्रश्न प्रवाशाच्या मनातून उचलून छापील पानावर ठेवण्याचे काम या इवल्याशा चिन्हाने केले.

दुसरी परंपरा वेळापत्रकाची. टॉमस कुक या बाप्टिस्ट गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी मद्यपानविरोधी मेळाव्यासाठी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे खास आगगाडीने नेली. भाडे माणशी एक शिलिंग. सामुदायिक सहलीच्या धंद्याचा उगम असा व्यसनमुक्तीच्या चळवळीत आहे. त्याच कुकच्या संस्थेने १८७३ साली युरोपातील आगगाड्यांचे वेळापत्रक छापण्यास आरंभ केला. ते २०१३ पर्यंत चालले. पुढल्याच वर्षी त्याच्या जुन्याच संपादकमंडळातील काहींनी ते नव्या नावाने पुन्हा सुरू केले. कुकची मूळ कंपनी मात्र २०१९ साली बुडाली.

या दोन ग्रंथांची तुलना उद्बोधक आहे. बेडेकरच्या पानावर मत आहे, वेळापत्रकाच्या पानावर केवळ वस्तुस्थिती. बेडेकर सांगतो, हे पाहा. वेळापत्रक सांगते, तुम्ही जे काही पाहू म्हणाल तेथे इतक्या वाजता पोहोचाल. पहिला ग्रंथ वाचकाला नम्र करतो, दुसरा त्याला स्वतंत्र करतो. उत्तम आखणीला दोहोंची गरज असते. परंतु काय सोडावे, हे या दोहोंपैकी एकही सांगत नाही. बेडेकरच्या तारका जोडत गेले तर कोणत्याही शहरात आठवडा पुरणार नाही आणि वेळापत्रकाला तर सारी स्थानके सारखीच. सोडण्याचे काम प्रवाशाने स्वतः करावयाचे असते, आणि आखणीचा कस तेथेच लागतो.

३

या बाबतीत दोन साहित्यकृतींची साक्ष काढावीशी वाटते.

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराच्या १९०८ च्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ या कादंबरीत ल्यूसी नावाची तरुणी फ्लॉरेन्समध्ये येते. तिच्यासोबत निघालेली एक लेखिकाबाई तिची बेडेकरची प्रत काढून घेते आणि वाटेत तिला एकटी सोडून निघून जाते. ल्यूसी सांता क्रोचे या फ्रान्सिस्कन मंदिरात शिरते खरी. पण कोणत्या समाधीपुढे थांबावे आणि कोणते चित्र थोर मानावे, हे पुस्तकावाचून तिला कळेना. आधी ती रडकुंडीला येते. मग हळूहळू तिला आजूबाजूची माणसे दिसू लागतात, ठेचकाळलेले एक मूल दिसते, मंदिर हे मंदिर म्हणून दिसू लागते. फॉर्स्टरचा रोख उघड आहे : पुस्तक हातातून गेले आणि डोळे परत मिळाले.

ही मांडणी मोहक आहे. तथापि आम्ही ती संपूर्णपणे मान्य करीत नाही. त्याच मंदिरात जोत्तोने रंगवलेले संत फ्रान्सिसचे चरित्र आहे. ज्याला फ्रान्सिस कोण हे ठाऊक नाही, त्याला त्या भिंतीवर काही तपकिरी झगे दिसतील, याहून अधिक काय दिसणार? अज्ञानाला निरागसपणाचे मोल देणे ही फॉर्स्टरची चैन आहे. ल्यूसी महिनाभर त्या शहरात राहू शकत होती. ज्यांच्या वाट्याला फ्लॉरेन्सचा एकच दिवस आहे त्यांना ती चैन परवडणारी नाही.

दुसरी साक्ष गटेची. ३ सप्टेंबर १७८६ रोजी पहाटे तीन वाजता, कोणालाही न सांगता, नाव बदलून तो कार्ल्सबादहून इटलीकडे निघाला. त्या प्रवासाचे त्याने पुढे प्रसिद्ध केलेले वर्णन युरोपीय प्रवासवाङ्मयाचा मानदंड मानले जाते. हा माणूस फ्लॉरेन्समध्ये जेमतेम तीन तास थांबला! आणि असिसीला गेला तेव्हा संत फ्रान्सिसच्या महामंदिराकडे नाखुशीने पाठ फिरवून थेट मिनर्व्हा देवीच्या प्राचीन रोमन मंदिरापुढे जाऊन उभा राहिला. आम्हां धर्मगुरूंना हे वाचताना चुटपुट लागते. असिसीत जाऊन फ्रान्सिसला टाळणारा प्रवासी आमच्या दृष्टीने विहिरीवर जाऊन तहानलेलाच परतणारा.

पण समीक्षक म्हणून निर्णय द्यायचा तर गटेची आखणी निर्दोष आहे, असे म्हणावे लागते. तो प्राचीन जगाचे प्रमाण आणि सौष्ठव शोधायला निघाला होता. त्याला रोम हवे होते आणि रोमसाठी त्याने वाटेतले सारे उणे केले. रोमला पोहोचल्यावर त्याने घाई केली नाही. मध्ये नेपल्स व सिसिली पाहून तो पुन्हा रोमला आला आणि १७८८ च्या एप्रिलपर्यंत तेथे राहिला. त्याच्या आवडीनिवडीशी आमचे भांडण आहे. त्याच्या आखणीशी नाही. आखणीला एक प्रश्न हवा, आणि जे त्या प्रश्नाला धरून नाही ते कितीही तारकांकित असले तरी गाळण्याची हिंमत हवी. हा धडा आम्ही त्याच्याकडून घेतो.

हाच धडा आपल्या वाटेने गिरवून पाहू. समजा, प्रश्न असा आहे : फ्रान्सिसच्या चरित्राने ख्रिस्ती चित्रकला कशी बदलली? मग रोमहून असिसी, असिसीहून फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्सहून पादुआ अशी वाट आपोआप आखली जाते. रोमहून असिसीला सुमारे दोन तासांत थेट गाडी जाते. स्थानक डोंगरावरच्या गावात नसून खाली सांता मारिया देल्यी आंजेली येथे आहे. अनेक पत्रकांत ही गैरसोय म्हणून नोंदलेली असते. वस्तुतः तो लाभ आहे. कारण तेथील विशाल मंदिराच्या पोटातच पोर्त्सिउंकोला हे इवलेसे देऊळ आहे. फ्रान्सिसच्या संघाचा पाळणा तेथे हलला आणि १२२६ साली त्याने देह ठेवला तोही तेथेच. आगगाडीचा यात्रेकरू असा योग्य दाराने आत येतो. वर डोंगरावरील महामंदिरात त्या संताच्या जीवनाची भित्तिचित्रे आहेत. ती जोत्तोच्याच हातची की काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचेमध्ये तेच चरित्र जोत्तोच्या निःसंशय हातचे पाहावयास मिळते आणि शेवटी पादुआच्या स्क्रोवेन्यी प्रार्थनामंदिरात, १३०५ च्या सुमारास रंगवलेले, त्याचे सर्वश्रेष्ठ काम. येथे आगाऊ आरक्षण लागते. भिंती जपण्यासाठी पाहुण्यांना आधी पंधरा मिनिटे हवा शुद्ध करणाऱ्या दालनात बसवतात आणि मग आत सामान्यतः पंधरा मिनिटेच देतात. असिसी आणि फ्लॉरेन्स पाहून आलेल्याला ती पंधरा मिनिटे पुरतात. नुसताच व्हेनिसहून धावत आलेल्याला तासही अपुरा पडेल. शिवाय पादुआ हे संत अंतोनीचे विश्रांतिस्थान, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे.

चार शहरे, आठ-नऊ दिवस, एकच धागा. या वाटेत पिसाचा मनोरा नाही, आयफेल मनोरा नाही. घरी आल्यावर शेजारी विचारतील, “म्हणजे पॅरिस पाहिलेच नाही?” त्याला हसून उत्तर देण्याची तयारी ज्याची असेल त्याने ही आखणी करावी.

४

आता साधनांचा विचार. आगगाडी, मोटार आणि विमान ही एकाच गोष्टीची तीन रूपे नव्हेत. तीन निरनिराळ्या कथनपद्धती आहेत.

विमानाला मधला भाग नसतो. कथेतील ‘त्यानंतर बारा वर्षे लोटली’ या वाक्यासारखे ते आहे. गरज असेल तेथे अपरिहार्य, एरवी रसभंग करणारे. त्याचा हिशेबही फसवा असतो. रोमहून मिलानचे उड्डाण तासाभराचे; पण विमानतळ रोमपासून सुमारे तीस किलोमीटर आणि मिलानचा मोठा विमानतळ त्या शहरापासून सुमारे पन्नास. जाणे, तपासणी, प्रतीक्षा आणि पुन्हा शहरात येणे धरले तर पाच तास सहज जातात. उलट वेगवान आगगाडी तीन-सव्वातीन तासांत एका शहराच्या मध्यातून दुसऱ्याच्या मध्यात आणून सोडते. स्वस्त विमानांच्या तिकिटावरील शहराचे नावही तपासून घ्यावे. ‘पॅरिस’ म्हणून विकला जाणारा बोव्हेचा विमानतळ पॅरिसपासून सुमारे पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे आणि ‘फ्रँकफुर्ट’चा हान फ्रँकफुर्टपासून शंभराहून अधिक. फ्रान्सने तर २०२३ पासून, जेथे अडीच तासांच्या आत आगगाडी पोहोचते अशा काही देशांतर्गत मार्गांवर विमानांना बंदीच केली आहे.

तरीही विमान जेथे योग्य आहे तेथे त्याला नाकारणे हा हट्ट होय. लूर्द आणि फातिमा यांचे उदाहरण घ्या. आपल्या यात्रेकरूंच्या मनात ही दोन नावे एका दमात येतात; नकाशावर ती तशी नाहीत. फ्रान्स-स्पेन सीमेवरील हेंदायहून लिस्बनला जाणारी रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये बंद झाली ती पुन्हा सुरू झालेली नाही. आज आगगाडीने जाऊ म्हणाल तर माद्रिदमार्गे अनेक गाड्या बदलत दीड-दोन दिवस मोडतील. येथे लूर्दहून तुलूझपर्यंत आगगाडी आणि तुलूझहून लिस्बनपर्यंत विमान हाच शहाणपणा. पुढे आणखी एक सावधगिरी : ‘फातिमा’ नावाचे रेल्वेस्थानक आहे, पण ते तीर्थस्थानापासून सुमारे वीस किलोमीटर दूर. लिस्बनहून सरळ बस घ्यावी. ती दीड तासात पोहोचवते. पादुआत ज्याच्या समाधीवर हात ठेवला त्या अंतोनीचा जन्म लिस्बनचा, हे आठवले तर तो थांबाही पदरात पडतो.

मोटारीची कथनपद्धती आडवळणाची. मोठ्या शहरांत ती ओझे होते. इटलीतील बहुतेक जुन्या शहरांच्या गाभ्यात वाहनांना मज्जाव असून प्रवेशावर कॅमेऱ्यांची नजर असते. दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी घरी येते. एका शहरी घेतलेली गाडी दुसऱ्या शहरी सोडायची तर जादा आकार पडतो. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेणे आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची मनाची तयारी करणे हे आलेच. परंतु सिएनाच्या दक्षिणेस मोंते ओलिवेतोच्या बेनेडिक्टाइन मठात संत बेनेडिक्टच्या चरित्राची भित्तिचित्रे आहेत आणि मोन्ताल्चिनोजवळ सांत आंतिमोचा जुना मठ आहे. अशा ठिकाणी मोटारीवाचून जाणे कष्टाचे. संपूर्ण प्रवास मोटारीने न करता अशा भागासाठीच दोन-तीन दिवस ती घ्यावी.

आणि आगगाडी? तिच्यात मधला भाग असतो, हेच तिचे वैशिष्ट्य. येथे गोट्टहार्डचे उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. इटली आणि उत्तर युरोप यांमधील आल्प्स पर्वत ओलांडणारा जुना लोहमार्ग १८८२ साली पुरा झाला. चढ सोपा करण्यासाठी अभियंत्यांनी रूळ डोंगराच्या पोटात गोलाकार फिरवून वर नेले. परिणामी वासेन गावाचे पांढरे ख्रिस्तमंदिर प्रवाशाला तीनदा दिसते : एकदा उंचावर, एकदा समोर आणि एकदा खोल खाली. मंदिर जागचे हललेले नसते, आपण हललेलो असतो. २०१६ साली त्याच पर्वताच्या तळातून ५७ किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला. आता मिलानहून झुरिकची गाडी अंधारातून झपाट्याने निघून जाते, आणि वासेन एकदाही दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या बोगद्यात मालगाडी रुळांवरून घसरली आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत तो पूर्णपणे खुला झाला नाही. त्या काळात प्रवाशांच्या गाड्या पुन्हा डोंगरावरून जाऊ लागल्या आणि सुमारे तासभर अधिक घेऊ लागल्या. आजही बेलिन्झोनाला गाडी बदलून जुन्या मार्गाने जाता येते. खर्च विशेष वाढत नाही. जातो तो एक तास.

त्या एका तासाला आखणीत स्थान आहे की नाही, यावरून आखणी करणाऱ्याची दृष्टी आम्ही ओळखतो.

याच गोट्टहार्डवरून हिलेअर बेलॉक पायी गेला होता. या कॅथलिक लेखकाने १९०१ साली फ्रान्समधील तूल गावाहून रोमपर्यंत चालत जाण्याचा नवस केला आणि पुढल्या वर्षी ‘द पाथ टु रोम’ हे पुस्तक लिहिले. त्याची आखणी कडक होती : सारी वाट पायी जायचे, चाकाच्या वाहनाचा आधार घ्यायचा नाही, रोज पवित्र मिस्सात भाग घ्यायचा आणि संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला रोममध्ये असायचे. नकाशावर त्याने तूलपासून रोमपर्यंत सरळ रेघ मारली होती. आल्प्समधल्या हिमवादळाने ती रेघ मोडली आणि त्याला गोट्टहार्डच्या वाटेने वळावे लागले. पुढे पैसे संपत आले तेव्हा मिलान गाठण्यासाठी तो मुकाट्याने आगगाडीत बसला. एकामागून एक नियम मोडत गेले. सणाच्या दिवशी तो रोममध्ये होता. हे पुस्तक आम्हांला आखणीवरील उत्तम भाष्य वाटते. एक गोष्ट घट्ट धरावी आणि बाकीच्या सैल सोडाव्या. ज्याच्या आखणीत सारेच घट्ट असते त्याची एक गाडी चुकली की पुढचे आठ दिवस चुकतात. आज जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा वक्तशीरपणा पूर्वीचा राहिलेला नाही. २०२४ साली त्यांपैकी सुमारे बासष्ट टक्केच वेळेवर पोहोचल्या. दोन गाड्यांमध्ये आठ मिनिटांचे अंतर ठेवणारी आखणी कागदावर सुबक दिसते, फलाटावर रडवते.

५

आता आपल्याकडे सर्रास वाचल्या जाणाऱ्या मजकुराकडे वळू. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, ल्यूसर्न, इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, आणि हे सारे दहा-अकरा दिवसांत : अशा धर्तीची माहितीपत्रके सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांची भाषा वाङ्मयीन दृष्ट्या तपासली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांत नामे पुष्कळ आणि क्रियापदे अवघी तीन-चार : पोहोचणे, पाहणे, छायाचित्र घेणे, प्रस्थान करणे. थांबणे हे क्रियापद आलेच तर ‘फोटो स्टॉप’ म्हणून येते. या थांब्यांमागेही एक गमतीचे कारण दडलेले आहे. युरोपीय नियमांनुसार बसच्या चालकाला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती घ्यावी लागते आणि दिवसात सामान्यतः नऊ तासांहून अधिक चालवता येत नाही. म्हणजे प्रवाशाने कोठे उतरावे, हे पुष्कळदा त्या स्थळाच्या महात्म्यावरून न ठरता चालकाच्या घड्याळावरून ठरते. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण आमच्या पूर्वजांनी अशा पत्रकांसाठीच करून ठेवली असावी.

परंतु एवढे म्हणून हात झटकणे अन्यायाचे होईल. या सहलींच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो भारी आहे. ज्याला आयुष्यात एकदाच जायचे आहे, पुन्हा जाण्याइतके पैसे आणि गुडघे ज्याच्यापाशी उरणार नाहीत, त्याने सारे पाहू इच्छिणे यात लोभ नाही. ती साधी मानवी आस आहे. पासष्टीच्या जोडप्याला परक्या भाषेत फलाट शोधायला लावणे आणि सामानासह जिने चढायला लावणे, यात कोणते सौंदर्य आहे? ओळखीचे जेवण, आपल्या बोलीत बोलणारा सोबती, आजारपणात धावून येणारे कोणी, यांची किंमत एकट्याने भटकणाऱ्या लेखकाला कळत नाही. गटेपाशी पैसा होता, बेलॉकपाशी तारुण्य होते. आमच्या धर्मग्रामातल्या निवृत्त शिक्षिकेपाशी दोन्ही नाहीत. तिची एकदाच जाण्याची इच्छा त्या दोघांच्या इच्छेहून उणी नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की सामुदायिक सहलीने जाणाऱ्यानेही पत्रक समीक्षकाच्या दृष्टीने वाचावे. शहरांची संख्या न मोजता रात्री मोजाव्या. एका ठिकाणी सलग दोन रात्री नसतील तर ते ठिकाण पाहिले असे मानू नये. ‘रोम’ लिहिले असेल तर निवास रोममध्ये आहे की तासाभराच्या अंतरावरच्या महामार्गालगत, ते विचारावे. वार पडताळावा : व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात, लूव्र मंगळवारी आणि उफित्सी सोमवारी. मिलानमधले लिओनार्दोचे अंतिम भोजनाचे चित्र पाहायला पंधरा मिनिटे मिळतात, तीही फार आधी आरक्षण केले तरच. पत्रकात ‘मिलान दर्शन’ म्हटले आहे एवढ्यावरून ते त्यात आहे असे समजू नये. आणि कॅथलिक वाचकाने आणखी एक प्रश्न विचारावा : रविवारची मिस्सा कोठे? ज्या यात्रेत साऱ्या मंदिरांची दर्शने आहेत आणि एकही मिस्सा नाही, ती यात्रा नव्हे.

स्वतः आखणी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट उपकारक ठरते, ती म्हणजे शेंगेन व्हिसाचा अर्ज. एकोणतीस देशांना मिळून एकच व्हिसा पुरतो. अर्ज मात्र ज्या देशात अधिक दिवस राहायचे त्याच्याकडे करावा लागतो. दिवस समान असतील तर जेथे प्रथम प्रवेश त्याच्याकडे. ब्रिटन आणि आयर्लंड या व्यवस्थेबाहेर असल्याने लंडन जोडायचे तर वेगळा व्हिसा, वेगळा खर्च. प्रवास मुख्यतः कोठला, हा प्रश्न अशा रीतीने एक परका अधिकारी आपल्याला विचारतो. आपण तो स्वतःला आधी विचारलेला बरा. युरेलच्या पासाचेही तसेच. तो घेतला म्हणजे सारे रान मोकळे, हा समज खरा नाही. फ्रान्स, इटली आणि स्पेनमधील वेगवान गाड्यांना पासावर वेगळे आरक्षण आणि त्याचे पैसे लागतात. तीन-चारच मोठे टप्पे असतील तर सुटी तिकिटे आगाऊ काढणे पुष्कळदा स्वस्त पडते.

६

तात्पर्य, आखणी हे वाङ्मय असेल तर त्याला वाङ्मयाचे निकष लावावयास हवेत. तिच्यात एक केंद्र हवे, गाळण्याची शिस्त हवी, प्रत्येक टप्प्याला शोभणारे साधन हवे, आणि न ठरवलेल्या गोष्टींसाठी मोकळी जागा हवी. फॉर्स्टरच्या ल्यूसीला जे पुस्तक हरवल्यामुळे लाभले, ते रोजच्या कार्यक्रमात दोन तास कोरे ठेवून आम्हांलाही लाभू शकते. त्यासाठी पुस्तक फेकून देण्याचे कारण नाही. आधी वाचावे, मग मिटावे.

या सर्व निकषांवर आपल्याकडील बहुतेक पत्रके उतरत नाहीत, असा निर्णय आम्हांला खेदाने द्यावा लागतो. त्याचा दोष मात्र केवळ सहल काढणाऱ्यांचा नाही. ग्राहक जे मोजतो तेच विक्रेता मांडतो. आम्ही देश मोजतो म्हणून ते देश वाढवतात. उद्या आम्ही रात्री मोजू लागलो, तर तेही रात्री मांडू लागतील. चांगल्या वाचकांमुळे चांगले वाङ्मय निर्माण होते, हा नियम येथेही लागू आहे.

तेव्हा येत्या वर्षी जे कोणी निघणार असतील त्यांनी पैसे भरण्यापूर्वी एका संध्याकाळी घरच्या सर्वांना घेऊन बसावे आणि पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकच वाक्य लिहावे : आपण कशासाठी जात आहोत. मग पत्रक उलटून त्या वाक्याशी न जुळणारी दोन शहरे खोडावी. खोडताना जीव हळहळेल. त्या दोन शहरांचे दिवस उरलेल्या शहरांना द्यावे आणि मगच तिकिटे काढावी.